चार फूट म्हणजे नक्की किती?

सदर : बाईंना विचारा

मागच्या अंकात सुट्टीतल्या सहलींबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की थीम पार्कला जाणार असाल तर पोरांची उंची घरीच नीट मोजून जा, नाहीतर राइडच्या दारात रडारड होते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, आंब्याच्या पेटीवाल्या काकांनी रागावू नये. एकतीस वर्षं शाळेत पीटी घेतली आणि दरवर्षी दोनदा अख्ख्या शाळेची उंची-वजनं प्रगतिपुस्तकात भरली, त्यामुळे या विषयात मला थोडंफार कळतं असं समजून चला.

प्रश्न : बाई नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा. मे महिन्यात आम्ही रात्रभर प्रवास करून एका मोठ्या पार्कला गेलो. घरी भिंतीला उभं करून टेपने मोजलं होतं, बरोब्बर चार फूट. तिकडे दुपारी चारच्या सुमारास मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर दारातल्या मुलाने उंची मोजायची काठी धरली आणि म्हणाला नाही होणार. चांगली दोन बोटं कमी! ह्यांनी वाद घातला, मागची माणसं ओरडायला लागली, मुलगा इतका रडला की नंतर आइस्क्रीमलासुद्धा हात लावला नाही. आमचं चुकलं की त्यांची काठीच चुकीची? भिंतीचा आणि टेपचा फोटो पाठवतेय. — एक आई, कणकवली

उत्तर : ताई, फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, सगळी गंमत त्या फोटोतच आहे. टेप शिलाई मशिनच्या खणातला दिसतोय, पिवळा कापडी. त्याच्या टोकाची पत्र्याची पट्टी निघून गेलीये, पुढचा तुकडाही कोणीतरी कापून टाकलाय आणि पहिला आकडा थेट 2 दिसतोय. म्हणजे एक इंच तिथेच गेला, तुमचे 48 इंच म्हणजे खरे 47. (कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो तो वेगळा प्रकार, त्याने उंची उलट कमी भरते, पण तुमच्या टेपला एवढं आयुष्य मिळालेलं दिसत नाही.)

आता भिंत बघा. खाली स्कर्टिंगची टाइल बोटभर पुढे आलीये. टाच टाइलला टेकते, पाठ भिंतीला लावायला पोरगं मागे रेलतं, हनुवटी वर जाते, आणि आपण डोक्यावर हात ठेवून भिंतीवर खूण करतो तो हात हमखास तिरका पडतो, त्या तिरक्या हातात अर्धा इंच कुठे जातो कळतही नाही. दोन बोटांचा हिशोब जवळजवळ लागलाच की.

उरलंसुरलं संध्याकाळने खाल्लं. माणूस सकाळी उठतो तेव्हा थोडा उंच असतो आणि दिवसभरात थोडा बसतो, कारण मणक्यांच्या मधल्या गाद्या रात्री आडवं झालं की पाणी शोषून फुगतात आणि उभं राहिलं की दाबल्या जातात, त्यातला बराचसा फरक तर उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासातच पडतो. लहान मुलांमध्ये हा फरक साधारण सेंटिमीटरभराचा धरा. तुमचं पोरगं रात्रभर गाडीत बसून झोपलं, म्हणजे नीट आडवं झालंच नाही, मग दिवसभर उन्हात चाललं, आणि चार वाजता त्याची परीक्षा. म्हणून ज्या राइडला उंची जेमतेम पुरतेय ती सकाळी गेट उघडल्या उघडल्या गाठायची, रांगही कमी असते.

मोजायचं कसं ते आता एकदा नीट सांगते. स्कर्टिंग नसलेली जागा शोधा, दाराची चौकट किंवा लोखंडी कपाटाची बाजू उत्तम. खाली फरशी हवी, सारवलेल्या खळ्यात मोजू नका, तिथे एका टाचेखाली खड्डा असतो तर एका टाचेखाली खडा. चप्पल, मोजे काढा, अंबाडा, क्लिप, रिबिनी सगळं सोडा. टाचा जुळवून मागे टेकवा, कुल्ले आणि खांदे मागे टेकलेले, नजर सरळ समोर. सरळ म्हणजे किती सरळ, तर डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं पाहिजे, ही खूण डॉक्टर लोकही धरतात. मग सुताराचा गुण्या (काटकोनी पट्टी) असेल तर बेस्ट, नाहीतर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घ्या, एक कड चौकटीला घट्ट चिकटवून खाली आणा आणि केस दाबून डोक्याला टेकवा. पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलची रेघ. आता पोराला बाजूला करा आणि जमिनीपासून रेघेपर्यंत पत्र्याच्या टेपने मोजा. पोराच्या अंगावरून टेप नेला तर तो पोटावरून वळून जातो आणि उंची वाढते, टेलरकडे ते चालतं इथे नाही. तीनदा मोजा, आकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आले की झालं.

आणि कृपा करून सेंटिमीटरमध्ये मोजा. चार फूट म्हणजे 121.92 सेंमी. बोर्डावर कुठे 120 लिहिलेलं असतं कुठे 122, आणि घरी आपण दोन्हीला चार फूटच म्हणतो, तिथेच अर्धी भांडणं होतात.

काठीबद्दल म्हणाल तर काठीही चुकते, आणि हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. आमच्या शाळेत व्हरांड्यातल्या खांबावर ऑइलपेंटने उंचीची पट्टी रंगवलेली होती, फुटाला लाल रेघ आणि बाजूला सेंटिमीटरचे आकडे. एका उन्हाळ्यात व्हरांड्यातल्या शहाबादीवर नवीन टाइल्स बसवल्या, सिमेंट धरून दीड इंच तरी जमीन वर आली, पट्टी बिचारी होती तिथेच. जूनमध्ये मी शाळा मोजली आणि पोरं सुट्टीत आंबे खाऊन मस्त वाढलीत म्हणून खूश झाले. दोन-तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आमची एक मुलगी पोलिस भरतीला गेली, मुलींना 155 सेंमी लागते, हिच्या दहावीच्या प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात 157 होतं, आणि मैदानावर भरली 153. ती तिथून घरी न जाता सरळ शाळेत आली. काही बोलली नाही, खांबाला टेकून उभी राहिली फक्त. मी टेप लावला तर पट्टीवरची एक फुटाची लाल रेघ जमिनीपासून साडेदहा इंचांवर! ती रेघ मला अजून दिसते. तेव्हापासून मी कुठलीही भिंतीवरची पट्टी बघितली की आधी तिचा पहिला फूट मोजते, हॉस्पिटलात असली तरी.

तेव्हा तुम्हाला पार्कातल्या काठीची शंका आली तर दारातल्या मुलाशी भांडून उपयोग नाही. त्याच्या हातात ती काठी सोडून काही नसतं आणि त्याने एकाला सोडलं आणि काही झालं तर पहिली नोकरी त्याची जाते. बऱ्याच पार्कांत आत शिरतानाच एका जागी उंची मोजून मनगटाला रंगीत बँड बांधतात, तशी सोय आहे का ते सकाळीच विचारा. तिथे सपाट जागा असते, वेळ असतो, पुन्हा मोजा म्हटलं तर मोजतात. रांग जिथे चढावर असते तिथे पोराचे पाय कुठे आणि काठीचं टोक कुठे हेही बघा, हे शांतपणे सांगितलं तर ऐकतात.

आइस्क्रीमला हात लावला नाही म्हणालात, त्यावर उपाय घरीच करायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी वेबसाइटवरची उंचीची यादी पोराला दाखवायची आणि त्यालाच ठरवू द्यायचं की या बसू, या पुढच्या वर्षी. दारात परक्या माणसाकडून नाही ऐकायला लागलं की ते जास्त लागतं.

प्रश्न : दिवाळीत खोपोलीला इमॅजिकाला जायचा बेत आहे. मुलगी एका राइडला फक्त अर्धा इंच कमी पडेल असं वाटतं. मेहुणी म्हणते बुटात जाड सोल घाल, सगळे घालतात. अर्ध्या इंचाने असं काय आभाळ कोसळणार आहे? — एक बाबा, गुहागर

उत्तर : भावोजी, मेहुणीला माझा नमस्कार सांगा आणि सोल घालू नका.

उंचीचा बोर्ड हा खरं तर सीटचा बोर्ड असतो. राइडच्या सीटला मांडीवर येणारा दांडा असतो किंवा खांद्यावरून खाली येणारा पट्टा-हार्नेस असतो, आणि तो ठरावीक मापाच्या शरीराला धरून ठेवायला बनवलेला असतो. मुलाचे गुडघे सीटच्या कडेवर वाकायला हवेत, म्हणजे पाठ मागे टेकते. पाय लहान पडले की गुडघे सीटवरच राहतात, पोर पुढे सरकतं, आणि जोराचा ब्रेक लागला किंवा गाडी खाली गेली की ते दांड्याखालून निसटू शकतं. खांद्यावरचं हार्नेस खांद्याला लागायच्या ऐवजी कानाला लागतं. आता दारात उभं राहून प्रत्येकाची मांडी, पाठ, खांदे मोजायला कोणाला वेळ आहे, म्हणून उभी उंची घेतात, ती मोजायला सोपी आणि बाकी मापं साधारण तिच्याबरोबर वाढतात. सोल घातलात तर मुलीची उंची वाढते बुटात, मांडी आहे तेवढीच राहते.

यामुळेच एकाच पार्कात दोन राइडच्या उंच्या वेगळ्या असतात. माझा भाचा अमेरिकेत आहे, तो फ्लोरिडाच्या डिस्नेला पोरांना घेऊन गेला, तिथे तेव्हा बिग थंडर माउंटन या राइडला 102 सेंमी लागायची आणि स्पेस माउंटनला 112. त्याच्या धाकटीने एकीत बसून दुसरीच्या बाहेर भोकाड पसरलं. तिला वाटलं दुसरी जास्त भीतीची असणार, पण भीतीचा आणि उंचीचा हिशोब सरळ नाही, सीट कशी आहे, दांडा कसा आहे, गाडी कुठे कशी वळते हे सगळं त्यात येतं. उलटंही असतं हां, छोट्यांच्या राइडला वरची मर्यादा असते, तिथे बाबांना बसू देत नाहीत कारण गुडघे मावत नाहीत, आणि काही मोठ्या कोस्टरला खूप उंच माणसंही चालत नाहीत.

तिकडे डिस्नेत एक सोय चांगली आहे, मूल बसू शकत नसेल तर एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला परत रांग न लावता सोडतात. आपल्याकडे जाल तिथे विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि अजून एक, वॉटर पार्कात अनवाणीच मोजतात. तुमचा सोल तिकडे लॉकरमध्ये.

प्रश्न : बाई मी चौथीत आहे. माझी उंची 119 आहे आणि 120 पाहिजे. मी केस वर बांधले तर चालेल का? — अलिबाग

उत्तर : नाही गं सोन्या, ते काठीने केस दाबतात, मीपण दाबायचे. पण तुझ्या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंमी वाढतात, म्हणजे एक सेंटिमीटरला दोन-अडीच महिने. आत्ता जून आहे. दिवाळीच्या सुट्टीत जा, तोवर तू 120 च्या वर असशील बहुतेक. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मोज, वर लिहिलंय तसं, आणि त्याच चौकटीवर.

प्रश्न : उंची वाढवायची पावडर मिळते ती द्यावी का? दारात लटकायचा रॉडही आणलाय. मुलगा नऊ वर्षांचा, वर्गात सगळ्यात पुढे उभा असतो. — चिपळूण

उत्तर : रॉडला लटकू दे, हात मजबूत होतात, खेळ म्हणून छान आहे. उंची त्याने वाढत नाही. पावडरचे पैसे वाचवा, त्यात अंडी, मासे, डाळ, दूध पुष्कळ येतं, चिपळुणात माशाला काय तोटा.

वर्गात पुढे उभा राहतो यावरून काही ठरत नाही, कोणीतरी पुढे उभं राहणारच. बघायचं ते हे, की वर्षभरात किती वाढला. वयात येण्याआधी मूल वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते तक्त्यावर टिंब मांडून बघतात. पाच वर्षांपुढच्या आपल्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये तक्ते काढलेत, ते वापरायला सांगा. जाताना जुने आकडे घेऊन जा. प्रगतिपुस्तकातले नेणार असाल तर आधी शाळेची पट्टी मोजून घ्या, का ते वर आलंच आहे.

प्रश्न : माझो नातू दहा वर्षांचो, उंच झालो ह्यो काय तेचो गुन्हो? एसटीत तेचा हाफ तिकीट, रेल्वेत हाफ, आणि पार्कात फुल घेतला! म्हटलं ठीक, फुल तर फुल. मग आत एका राइडला सांगतत की हो लहान आसा. म्हणजे पैशाक मोठो आणि बसूक लहान? — एक आजोबा, देवगड

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तक्रार अगदी रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या काठ्या आहेत.

एसटी आणि रेल्वे वय बघतात, पाच ते बारा हाफ. (रेल्वेत 2016 पासून हाफ तिकिटावर वेगळी बर्थ मिळत नाही, बर्थ हवी तर फुल, हेही लक्षात ठेवा कोकणकन्या एक्सप्रेसने जाताना.) पार्कवाले बऱ्याचदा उंचीवर तिकीट लावतात कारण खिडकीवर जन्मदाखला कोण मागणार आणि कोण दाखवणार, आपल्याकडे पार्काच्या दारात पोरांची वयं कशी कमी होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. ती एक काठी, पैशाची. दुसरी काठी राइडची, ती वर लिहिलंय तशी सीटवरून ठरते, आणि तिचा पहिलीशी काही संबंध नाही. समजा तिकिटाची रेघ साडेचार फुटांवर आहे, म्हणजे 137 सेंमी, आणि एखाद्या राइडची 140 वर. नातू 138 चा असला की तो बरोब्बर त्या तीन सेंटिमीटरच्या फटीत सापडतो. फुल पैसे आणि सगळ्यात मोठी राइड बंद.

कायद्याने यात काही चुकलंय असं नाही, पण तिकीट खिडकीवरच हे सांगायला पाहिजे, हे माझंही मत. पुढच्या वेळी पैसे द्यायच्या आधी खिडकीवर विचारा, ह्या पोराला कुठल्या कुठल्या राइड बंद आहेत. उत्तर ऐकून ठरवा. आणि नातवाला सांगा थोडा थांब, सहा महिन्यांत तो त्या फटीतून बाहेर येतोय.

प्रश्न : पार्कात निदान काठी तरी असते. आमच्याकडे जत्रेत आकाशपाळणा येतो, ब्रेकडान्स नावाचा गरगर फिरणारा पाळणा येतो, आणि तारकर्लीला समुद्रात केळ्यासारख्या फुगवलेल्या बोटीची बनाना राइड. तिथे कोण उंची मोजतं? मुलं सहा आणि नऊ. — मालवण

उत्तर : खरंय, बोर्ड कधी असतो कधी नसतो, आणि असला तरी गर्दीत तो बघतो कोण. मग आपणच काठी व्हायचं.

पाळण्यात किंवा ब्रेकडान्समध्ये बसवल्यावर चालू व्हायच्या आधी तीन गोष्टी बघा. पाठ मागे टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का. दांडा पोराच्या मांडीला लागतो का, आणि हे मुख्य आहे, कारण दोघांत एकच दांडा असेल तर तो तुमच्या पोटाला लागून थांबतो आणि शेजारी सहा वर्षांच्या पोरापुढे हातभर फट राहते, आपण मात्र दांडा लागला म्हणून निर्धास्त. अशा ठिकाणी मोठा आणि लहान एकत्र बसवू नका, किंवा बसूच नका. आणि तिसरं, दांड्याची पिन किंवा कडी लागलीये का, ती हात लावून बघा, लाज वाटून घेऊ नका. सहा वर्षांचं पोर चालू पाळण्यात उभं राहतं, हेही धरून चाला, उंची पुरली म्हणून अक्कल पुरत नाही.

पाण्यात उंचीपेक्षा लाइफ जॅकेट महत्त्वाचं. त्यावर वजन लिहिलेलं असतं, मुलाचं वजन त्यात बसायला हवं. बकल्स लावून झाले की दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचला, ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात पोर खाली आणि जॅकेट वर राहील. मोठ्यांचंच आहे, घट्ट बांधून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. बनाना राइडवर पोराचे हात मूठ वळून पकडीला पोचतात का तेही बघा, शेवटी ते लोक मुद्दाम उलटवतात. सहावाल्याला मी बसवलं नसतं, नऊवाल्याला जॅकेट बघून. पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं, तोवर विचार करायला वेळ आहे.

आणि आंगणेवाडीच्या जत्रेत मी भेटले तर पाळण्यात चला म्हणून हाक मारू नका. मला पाळण्यात गरगरतं. मी खाली उभी राहून खाजं खात असते आणि वरच्या प्रत्येक पोराचा दांडा मोजत असते.